सासा गग पप ग : मुलांना सिंफनी ऐकवताना

पांढुर्णा आणि सौंसरच्या शाळांमधून आलेले शिक्षक बंधू-भगिनी, आणि इथे पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलामुलींनो,

ही व्याख्यानमाला एका संगीतशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. त्यांनी पेटीवर बोट ठेवून पोरांना स्वर ओळखायला शिकवलं, म्हणून मीही आज शिकवण्याबद्दलच बोलणार आहे. गायला किंवा वाजवायला शिकवण्याबद्दल मात्र नाही, ऐकायला शिकवण्याबद्दल. आणि त्यासाठी मी जे संगीत निवडलं आहे ते आपल्या भजनातलं नाही, ख्यालगायकीतलं नाही. ती आहे युरोपातली सिंफनी. दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी व्हिएन्नात आणि लंडनमध्ये वाजलेली, चाळीस-पन्नास वाद्यांनी मिळून वाजवायची रचना. ती पांढुर्ण्याच्या सहावी-सातवीतल्या मुलाला ऐकवावी का, आणि ऐकवायची तर कशी?

ऐकवावी का, याचं उत्तर मी पटकन देतो. जाम नदीच्या काठच्या मुलाला दोन कान आहेत आणि व्हिएन्नातल्या मुलालाही दोनच आहेत. जगातलं जे उत्तम आहे त्यावर आपल्या मुलांचा हक्क आहे. ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही यात मुलांचा काही दोष नाही.

पोचत का नाही, हे मात्र नीट पाहायला हवं. भारतात कायमस्वरूपी व्यावसायिक म्हणावा असा सिंफनी वाद्यवृंद एकच आहे, मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी तो 2006 मध्ये उभा केला. त्याआधी, 1935 मध्ये, मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता; झुबिन मेहता हे त्यांचेच चिरंजीव. गोव्यात 1952 पासून अंतोनियो द फिगरेदो यांची संगीत अकादमी होती, पुढे ती कला अकादमीत सामावली. ही सगळी ठिकाणं समुद्राकाठची. सातपुड्याच्या पायथ्याशी, संत्र्याच्या बागांमध्ये वाढणाऱ्या मुलाला तिथवर नेणारं कोणी नाही, आणि तो वाद्यवृंद बसगाडीत घालून इथे आणणंही सोपं नाही.

तरी हे संगीत आपल्या गावात कधी शिरलंच नाही असं समजू नका. इथे बसलेल्या साठीपुढच्या मंडळींना 1961 चा 'छाया' चित्रपट आठवत असेल. त्यातलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढा' हे तलत महमूद आणि लताबाईंचं गाणं तुम्ही रेडिओवर शेकडो वेळा ऐकलं आहे. त्याची सुरुवातीची चाल सलील चौधरींनी मोझार्टच्या 40 व्या सिंफनीतून घेतली. मोझार्टनं ती 1788 च्या जुलैत पुरी केली होती. म्हणजे तुम्ही शेतावरून येऊन ओट्यावर ट्रान्झिस्टर लावत होतात तेव्हा मोझार्ट तुमच्या घरात होता, फक्त कोणी तुम्हाला तसं सांगितलं नव्हतं.

आणि तो घरात आणणारे हात बहुतेक गोमंतकीयांचे होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये गावातल्या पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली, आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनीच भरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच एक. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. दिवसभर स्टुडिओत दुसऱ्यांच्या चाली वाजवणाऱ्या या माणसाच्या मनात एकच होतं, की आपले राग पुऱ्या वाद्यवृंदावर वाजावेत. 1958 मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्रयत्न फार टिकला नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते 'अमर अकबर अँथनी'तलं गाणं, ज्यात प्यारेलालजींनी गुरूचं नाव गुंफलं. त्या नावामागे एक वाद्यवृंद होता, हे नाव गुणगुणणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत आहे, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

आता मी तुम्हाला आपल्याच राज्यातली गोष्ट सांगतो. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, त्याच वेळी आणखी एक जिल्हा झाला, मैहर. आपलं हे जुळं भावंड. मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ राहत. रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी यांचे ते गुरू. तरुणपणी कलकत्त्यात ते लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे व्हायोलिन शिकले होते. कॉर्नेट, क्लॅरिनेट अशी बँडची वाद्यंही त्यांना येत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला साथीच्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडली आणि पोरकी झालेली मुलं मैहरात फिरू लागली. बाबांनी ती गोळा केली, त्यांच्या हातात वाद्यं दिली आणि त्यांचा वाद्यवृंद केला. सतार, सरोद, इसराज यांच्या शेजारी व्हायोलिन आणि चेलो आणून बसवले. राजाच्या शस्त्रागारातल्या बंदुकांच्या नळ्या कापून, त्या स्वरात लावून नळतरंग नावाचं नवं वाद्य बनवलं. मैहर बँड म्हणून तो वाद्यवृंद आजही आहे, नळतरंगही वाजतो. ज्या मुलांना अक्षरओळख नव्हती त्यांनी शेकडो बंदिशी पाठ केल्या. मुलांना हे झेपणार नाही असं मला कोणी म्हटलं की मी मैहरचं नाव घेतो आणि पुढे वाद घालत नाही.

आता दुसरा प्रश्न, ऐकवायची कशी. इथे जरा रेंगाळू या, कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

मुलांना वाद्यवृंदाची ओळख करून देण्याचे मोठमोठ्या लोकांनी प्रयत्न केले आहेत. प्रोकोफिएव्हनं 1936 मध्ये मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहासाठी 'पीटर आणि लांडगा' रचलं. निवेदक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राचं एक वाद्य ठरलेलं: चिमणा पक्षी म्हणजे फ्लूट, बदक म्हणजे ओबो, मांजर म्हणजे क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे बसून, लांडगा म्हणजे तीन हॉर्न. दहा वर्षांनी इंग्लंडच्या बेंजामिन ब्रिटननं पर्सेल या जुन्या रचनाकाराची एक चाल घेतली आणि ती एकेका वाद्यसमूहाकडून वाजवून घेत सगळा वाद्यवृंद उलगडून दाखवला. ही दोन्ही कामं अव्वल आहेत, मुलांना ती जरूर ऐकवा. पण त्यांनी वाद्यांची ओळख होते. सिंफनी कशी ऐकायची ते कळत नाही. कारण सिंफनीत पीटर नसतो, लांडगा नसतो. बहुतेक सिंफनींत गोष्टच नसते.

आणि आपण मोठी माणसं इथेच गडबडतो. गोष्ट नाही म्हटल्यावर आपण ती तयार करतो. 'डोळे मिटा, आता एक तळं दिसेल, चांदणं पडेल, मग वादळ येईल.' मूल आज्ञाधारक असतं. ते डोळे मिटून तळं पाहत बसतं, आणि संगीत कानाशेजारून निघून जातं.

हा धोका लिओनार्ड बर्नस्टाइनला नेमका उमगला होता. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा हा संचालक 1958 पासून 1972 पर्यंत मुलांना सोबत घेऊन मैफली करत होता. दूरदर्शनवर त्यांचे 53 भाग झाले. अगदी पहिल्याच मैफलीचा विषय होता, संगीताचा अर्थ काय? त्यानं रिचर्ड श्ट्राउसची 'डॉन किहोते' ही रचना घेतली आणि मुलांना सांगितलं की यात सुपरमॅनची गोष्ट आहे. गोष्ट सांगितली, संगीत वाजवलं, मुलांना पटलं. मग सांगितलं, ही गोष्ट मी रचली. खरी गोष्ट दुसरीच आहे. ती सांगून तेच संगीत पुन्हा वाजवलं, तीही तितकीच चपखल बसली. स्वर तेच होते. म्हणजे अर्थ गोष्टीत नव्हता, स्वरांच्या चालण्यात होता. न्यूयॉर्कच्या मुलांना हे कळलं तर आपल्या मुलांना न कळायला काय झालं?

माझं म्हणणं एवढंच, की मुलाला चित्र देऊ नका, गोष्ट देऊ नका, विशेषणं तर मुळीच देऊ नका. त्याच्या कानाला धरायला एक चाल द्या. ती त्याला स्वतःला गाता आली पाहिजे. मग वाद्यवृंद वाजू द्या. आपण गायलेली चाल पुढे कुठे जाते, कुठे लपते, कधी परत येते, हे मूल आपणहून शोधायला लागतं. सिंफनी ऐकणं म्हणजे मुख्यतः आठवण ठेवणं आणि वाट पाहणं.

यासाठी मी जी रचना वापरतो ती योसेफ हायडनची 94 वी सिंफनी, तिचा दुसरा भाग. हायडन 1732 साली ऑस्ट्रियातल्या रोराऊ नावाच्या खेड्यात जन्मला. बाप गाड्यांची चाकं करणारा कारागीर. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण हार्प वाजवायचा, आणि संध्याकाळी घरची सगळी मिळून गायची. असा मुलगा पुढे एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या पदरी तीसेक वर्षं संगीताची चाकरी करतो, आणि साठीच्या उंबरठ्यावर लंडनला जाऊन तिथल्या तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर नव्या सिंफनी वाजवतो. ही त्यांतलीच एक, 23 मार्च 1792 रोजी हॅनोव्हर स्क्वेअरच्या सभागृहात पहिल्यांदा वाजलेली. वादक सुमारे चाळीस.

तिच्या दुसऱ्या भागातली चाल मी तुम्हाला सरगमीत सांगतो. आपल्याकडे पलुस्कर आणि भातखंडे या दोन मराठी माणसांनी देशभर फिरून स्वरलिपी रुजवली, म्हणून हायडन आपल्या फळ्यावर लिहिता येतो. ऐका:

सासा गग पप ग. मम रेरे निनि प. सासा गग पप ग. सासा म'म' प.

दुसऱ्या तुकड्यातला नि आणि प खालच्या सप्तकातले. शेवटचा म तेवढा तीव्र, बाकी सगळे स्वर शुद्ध. हा भाग सी या स्वरात आहे, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी एकचा षड्ज. याचा मोठा फायदा असा, की स्पीकरवर लावलेल्या ध्वनिमुद्रणाबरोबर शाळेची पेटी जुळते. फक्त जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवलेली ध्वनिमुद्रणं टाळा. ती बरेचदा जरा खाली लावलेली असतात, पेटी विसंवादी वाटेल आणि मुलं गोंधळतील.

सौंसरजवळच्या एका शाळेत मी हे केलं. वर्गात अर्धी मुलं घरी मराठी आणि शाळेत हिंदी बोलणारी; सरगमीला त्याचं काहीच वाटलं नाही. फळ्यावर चाल लिहिली, पेटीवर वाजवली, मुलांनी गायली. दोन स्वर खालचे आणि पुढचे उड्या मारणारे, तरी चार-पाच वेळा म्हटल्यावर सगळ्यांना पाठ. लहान मुलांच्या हाती लागेल इतकी सोपी चाल हायडननं जाणूनबुजून घेतली असणार, असं मला तेव्हा वाटलं.

मग वर्गाचे तीन गट केले. एकानं सा धरला, एकानं ग, एकानं प. तिन्ही एकदम. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. आपल्या भजनात पेटी, टाळ, खंजिरी सगळं एकत्र वाजतं, पण सूर सगळे एकाच चालीमागे जातात. इथे तीन वेगवेगळे स्वर एकदम धरले आणि भांडण झालं नाही, उलट वर्ग भरून गेला. पहिल्यांदा हे ऐकणाऱ्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. मग मी म्हटलं, आता चालीचा पहिला तुकडा गा. सासा गग पप ग. म्हणजे आत्ता जे तिघांनी मिळून धरलं तेच एकामागून एक. दुसरा तुकडा, मम रेरे निनि प. हे चार स्वर एकदम धरा. धरले. आता कसं वाटतं? मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सांगितलं, 'सर, अजून संपलं नाही असं वाटते.' युरोपच्या संगीतशास्त्रात या एका अनुभवावर जाडजाड ग्रंथ आहेत. एकदम धरलेले स्वर म्हणजे मेळ. षड्जाचा मेळ म्हणजे घर, पंचमाचा मेळ म्हणजे घराबाहेर. बाहेर गेलं की परत यायची ओढ. सगळी सिंफनी या ओढीवर चालते. तिनं ते एका वाक्यात सांगितलं, कारण तिनं ते स्वतःच्या गळ्यानं करून पाहिलं होतं.

मग ध्वनिमुद्रण लावलं. तंतुवाद्यांवर चाल येते, हलकी. पुन्हा येते, आणखी हलकी. खालची व्हायोलिनं गजाऐवजी बोटांनी छेडलेली. मुलं पुढे वाकून ऐकत होती. आणि दुसऱ्या खेपेच्या शेवटी सगळा वाद्यवृंद टिंपनी या मोठ्या नगाऱ्यांसकट एकदम दणका देतो. एका मुलाच्या हातातला खडू खाली पडला. वर्ग हसून हसून लोटपोट. याच दणक्यामुळे ही सिंफनी जगभर 'सरप्राइज' म्हणून ओळखली जाते.

आता शिक्षकांनो, तुम्हाला कळकळीनं सांगतो, या दणक्यावर थांबू नका. सगळीकडे नेमकं तेच होतं. मुलांना हा विनोद ऐकवतात, मुलं हसतात, कार्यक्रम यशस्वी, टाळ्या. पण दणका हायडननं एकदाच दिला आहे. त्यानंतर पाच मिनिटं संगीत आहे, आणि त्यात तो आवाज परत येत नाही. मुलं दुसऱ्या दणक्याची वाट पाहतात, तो येत नाही, आणि या वाट पाहण्यात ती चालीकडे कान लावून बसलेली असतात. मला वाटतं हायडनची खरी हुशारी यात आहे.

आणि ती पाच मिनिटं फार मोलाची आहेत. आधी चाल खालच्या व्हायोलिनांकडे जाते आणि वरची व्हायोलिनं तिच्यावर बारीक नक्षी घालतात. मुलांना विचारा, तुमची चाल कुठे आहे? वर की खाली? बहुतेक मुलं आधी वर शोधतात. मग एकाला ती खाली सापडते आणि तो बोट वर करतो. पुढे एकदम सगळे मिळून जोरात वाजवतात, आणि ग कोमल झालेला असतो. षड्ज तोच, चाल तीच, फक्त ग उतरला, आणि सगळं आभाळ बदललं. हे पेटीवर दाखवा: शुद्ध ग, कोमल ग. शुद्ध ग, कोमल ग. ज्याला आपण एका स्वराचा फरक म्हणतो तो काय करू शकतो, हे मुलाला इथे कळतं, आणि ते पुढे त्याला भीमपलासी ऐकतानाही उपयोगी पडतं.

मग ओबो चाल घेतो, पण दुगुनीत: जिथे सा दोनदा होता तिथे चारदा, तितक्याच वेळात. आपल्या तबल्याच्या वर्गातल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, ती लगेच मांडीवर बोटं वाजवू लागतात. नंतर ओबो आणि फ्लूट दुसरंच काही गाऊ लागतात आणि चाल मागे जाते. मग पूर्ण वाद्यवृंद, ट्रम्पेट आणि टिंपनीसह. ज्या मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात, असा एकजण वर्गात होता. ट्रम्पेट ऐकून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्यानं विचारलं ते वेगळंच: 'सर, खालून जे सारखं चालू आहे ते कोण वाजवते?' त्याला खर्जातले डबल बास ऐकू आले होते. बँडमध्ये खालचा सूर धरणारं मोठं वाद्य नसलं की वरचं सगळं पोकळ होतं, हे त्याला घरी माहीत होतं. वर्गात सगळ्यांत चांगले कान त्याचे होते. ज्या पोराला आपण बँडवाल्याचा म्हणून मागे बसवतो, त्याला पुढे बसवा.

अगदी शेवटी चाल हळू आवाजात परत येते. स्वर तेच, पण खाली वाजणारे मेळ बदललेले. मुलांनी पाठ केलेली चाल त्यांनाच अनोळखी वाटते. इथे मी काही बोलत नाही. बोलायचं नाहीच. मार्गदर्शकाचं काम वाजण्याआधी आणि वाजल्यानंतर. वाजत असताना त्यानं तोंड मिटून ऐकावं आणि आपण ऐकतो आहोत हे मुलांना दिसू द्यावं. वाजत असताना 'आता पाहा, आता पाहा' करणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू चांगला असतो, पण मुलाला ऐकू येतो तो त्यांचाच आवाज.

प्रश्न विचारायला वेळ ठेवा, मुलं फार चांगलं विचारतात. चित्रफीत दाखवली तर पहिला प्रश्न हमखास येतो: मध्ये उभा असलेला माणूस वाजवत तर काहीच नाही, मग त्याचं काम काय? याचं उत्तर हायडनकडेच आहे. लंडनच्या त्या मैफलीत असा माणूस नव्हताच. हायडन पियानोपुढे बसला होता आणि सालोमन हा त्याला लंडनला बोलावणारा व्हायोलिनवादक पहिल्या खुर्चीतून गजाच्या इशाऱ्यानं चाळीस जणांना चालवत होता. वाद्यं वाढली, रचना अवघड झाल्या, तसा हात मोकळे असलेला वेगळा माणूस लागू लागला. दुसरा प्रश्न टाळ्यांचा. आजच्या सभागृहांत चारही भाग संपेपर्यंत टाळी वाजवत नाहीत, आणि चुकून वाजवणाऱ्याकडे लोक वळून पाहतात. हायडनच्या काळी श्रोते भागांच्या मध्ये खुशाल टाळ्या वाजवत, आवडलेला भाग पुन्हा वाजवायला लावत. बालगंधर्वांच्या नाटकांना वन्समोअर देणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांचाच तो रिवाज. तेव्हा शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या तर वाजवू द्या.

उरलेले तीन भाग? दुसरा भाग मुलांच्या ओळखीचा झाला की एखाद्या दिवशी सगळी सिंफनी सलग लावा. तेवीस-चोवीस मिनिटांची आहे. पहिला भाग संथ सुरुवातीनंतर धावू लागतो. तिसरा मिन्युएट म्हणजे नाचाचा, तीन मात्रांच्या लयीत. आपल्या दादऱ्याला बसवलेले कान त्याला लगेच धरतात. चौथा नुसता वेग. या तिन्ही भागांची फोड करत बसू नका, तसेच ऐकू द्या. एक भाग खोल ऐकलेलं मूल बाकीच्या भागांत आपली वाट शोधतं.

आणखी एक गोष्ट मला इथे, शेतकऱ्यांच्या पोरांसमोर, सांगितलीच पाहिजे. या सिंफनीनंतर नऊ वर्षांनी, 1801 मध्ये, हायडनची 'ऋतू' नावाची मोठी गायनरचना लोकांसमोर आली. तिच्या वसंत ऋतूच्या भागात एक शेतकरी नांगर हाकायला निघतो आणि चालता चालता शीळ घालतो. त्या वेळी वाद्यवृंदात जी चाल वाजते ती हीच. सासा गग पप ग. लंडनच्या श्रीमंतांच्या सभागृहात वाजलेली आपली चाल हायडननं म्हातारपणी नांगरणाऱ्या माणसाच्या ओठांवर ठेवली. सिंफनी ही कोट-टाय घातलेल्यांची वस्तू आहे, असं कोणी तुम्हाला सांगेल तेव्हा हे सांगा. पोळा आला की या भागातल्या शेतकऱ्याचा मुलगा बैल धुता धुता ती गुणगुणला, तर त्यात परकं काहीच नाही.

आता कामाचं बोलतो. यासाठी लागतं काय? एक पेटी, ती बहुतेक शाळांत किंवा शेजारच्या भजनी मंडळात असते. एक बरा स्पीकर. मोबाइलचा आवाज चालत नाही, कारण त्यात खर्ज ऐकूच येत नाही आणि बँडवाल्याच्या पोराचा प्रश्न कधी उठणारच नाही. फळा आणि खडू. आणि दोन तास, एका आठवड्याच्या अंतरानं: पहिल्या तासाला चाल गाणं आणि मेळ धरणं, दुसऱ्या तासाला ऐकणं. मधल्या आठवड्यात चाल मुलांच्या डोक्यात फिरत राहते, ते फार महत्त्वाचं आहे. एकाच दिवशी सगळं उरकलं तर मुलं दुसऱ्या दिवशी विसरतात.

नागपूर इथून दीड-दोन तासांवर आहे. तिथे व्हायोलिन वाजवणारे आहेत, चर्चमध्ये गाणारे आहेत, पोलीस बँडमध्ये उत्तम ट्रम्पेट आणि हॉर्न वाजवणारे आहेत. 1956 पर्यंत आपला जुना जिल्हा छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते; राज्यं वेगळी झाली, रस्ता तोच आहे. चार वादक बोलावले, तरी ही चाल चार आवाजांत मुलांसमोर जिवंत वाजू शकते. गज तारेवर टेकताना जो खरखरीत पहिला स्पर्श ऐकू येतो तो स्पीकरमधून येत नाही. मैहरच्या वाद्यवृंदालाही बोलावता येईल. संत्र्याचा हंगाम सरल्यावर, परीक्षांच्या आधी, दोन्ही तालुक्यांतल्या शाळांनी मिळून एक दिवस ठरवावा. पैशांची अडचण मला सांगा, मी माझा वाटा आजच देतो.

वेळ बरीच झाली आहे आणि पुढे बसलेली मंडळी आता चुळबुळ करू लागली आहेत. मागच्या टेबलावर पेटी ठेवली आहे, ती कोणीतरी इकडे आणा. शिक्षकांनी वह्या काढा, मी सरगम फळ्यावर लिहितो. तीव्र मध्यमावर खूण करायला विसरू नका. आणि सतरंजीवरच्या पहिल्या दोन रांगांनी सा धरायचा आहे, मधल्या दोन रांगांनी ग, मागच्यांनी प. पांढरी एक.